चार वाजल्यानंतरचे काका

पहिल्या दिवशी मी काकांच्या दुकानाच्या दारात उभी होते. आतून कोणीतरी ओरडून म्हणालं, "बस गं बाई तिथं. आत्ताच जेवले मी, हात धुऊन येते."

बोलणं बाईचं, म्हणून मला वाटलं, काकांची आई असेल. पडद्यामागून बाहेर आले ते काकाच. पन्नाशी ओलांडलेला सहा फुटी माणूस, भरघोस मिशा, आणि ॲसिडचे शिंतोडे उडून पोटावर चाळणी झालेला खाकी शर्ट. आवाज चांगला जाडाभरडा. त्याच आवाजात ते म्हणाले, "जर्मन शिकायची म्हणून आलीस ना? आधी सांग, तू घाबरट तर नाय ना?"

"कशाला घाबरायचं?" मी विचारलं.

त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. पत्र्याची शेड, आणि आत तीन लांब फळ्यांवर ट्रकच्या, टेम्पोच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या झाकणं उघडून मांडलेल्या. चार्जिंग चालू असलं की आतलं ॲसिड बारीक बुडबुडतं. तीस-चाळीस बॅटऱ्या एकदम बुडबुडायला लागल्या की शेजारच्या खोलीत पुष्कळ माणसं दबक्या आवाजात बोलत बसली आहेत असं वाटायचं. त्यातून निघणाऱ्या वायूला ठिणगी चालत नाही, म्हणून दुकानात काडी ओढायला बंदी. देवाच्या फोटोलासुद्धा उदबत्ती नाही, नुसतं फूल. पुढं ते फूल मीच नेऊ लागले. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा होता, सोबत मेथी-कोथिंबीर.

साल अठ्ठ्याण्णव. डिप्लोमा करून मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले होते. कारखान्याचे भागीदार जर्मन. त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी इथून एक माणूस पाठवायचा होता आणि अट एकच होती, आठ महिन्यांत भाषेची परीक्षा पास व्हायची. निवडलेल्या आम्हा दोघांपैकी दुसरा पुण्याला खोली घेऊन क्लासला बसला. माझे वडील म्हणाले, "जर्मनीला जायचं तर जा, पण पुण्याला एकटी राहू नको." त्यांच्या डोक्यात जर्मनी म्हणजे कंपनी होती आणि पुणे म्हणजे पुणे. मग कारखान्याच्या ड्रायव्हरनंच सांगितलं, एकलहरे रोडला एक बॅटरीवाले आहेत, तिकडं राहून आलेत, फाडफाड बोलतात.

शेजारी पंक्चरचं दुकान होतं. तिथले चाचा मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "बेटी, सुबह का आदमी हीरा है. चार के बाद जरा संभलके. चार के बाद वो दूसरे होते हैं."

मला वाटलं, पीत असतील.

काका पीत नव्हते. सकाळचे काका खरंच हिरा होते. मी आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या पाळीला जायचे, त्या सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस त्यांच्याकडं. स्टुलावर बसून ते एका हातानं बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि तोंडानं शब्द द्यायचे. रोज दहा. अकरावा मागितला की नाही म्हणायचे. "नवी बॅटरी पहिल्यांदा भसकन चार्ज केली की प्लेटा वाकतात. मंग ती जन्मभर अर्धीच भरते. तुझी आत्ता नवी हाय." पाठ केलेला शब्द दोन दिवस वापरला नाही तर त्यांना ओळखू यायचं. "पडून ठेवलास ना? रिकामी बॅटरी पडून राहिली की आत पांढरं धरतं बघ. मंग कितीबी करंट दे."

पिंपळगावचे कांद्याचे टेम्पोवाले यायचे. बॅटरी उतरवताना एखाद्यानं आधी लाल वायरीला पाना लावला की काका अंगावर धावून जायचे. "मेल्या, काळी आधी! काळी आधी काढ गं बाई!" त्या दाढीवाल्या गड्याला 'गं बाई' म्हटलेलं कुणालाच खटकायचं नाही. सवय झाली होती सगळ्यांना. बॅटरीच्या अंगाला कान लावून ते सांगायचे, तिसरा सेल गेला. मीटर लावून बघितलं की तिसराच निघायचा.

त्यांच्या त्या बायकी बोलण्याचं कारण मला दिवाळीच्या सुमारास कळलं. त्यांनीच सांगितलं, बॅटऱ्यांच्या टोकांवरचा हिरवा मळ सोड्याच्या पाण्यानं धुता धुता.

काका मूळचे सायखेड्याचे. आयटीआय करून ते ऐन विशीत एका साहेबाच्या ओळखीनं जर्मनीत बॅटरीच्या कारखान्यात गेले. शेजारच्या टेबलावर त्यांच्याच वयाचा एक पोरगा होता. दोघांची गट्टी जमली. त्या पोराकडं जुनी गाडी होती आणि त्याला शर्यतींचं वेड होतं. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर, एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात, तसल्या शर्यती. त्यात दोघं बसतात. एक चालवतो. दुसरा मांडीवर वही घेऊन वाचतो, पुढचं वळण डावं की उजवं, किती तीव्र ते आकड्यात, आणि किती मीटरवर. "पुढचं वळण दिसत नसतं," काका म्हणाले. "रस्ता कानानं चालवायचा. तो वाचायचा, मी चालवायचो. दोन वर्षं आम्ही दोघं एकच माणूस व्हतो बघ."

मग एका रविवारी गाडी झाडावर गेली. झाड शेजारच्या सीटच्या बाजूनं आत आलं. जोडीदार जागीच गेला. काकांचं डोकं फुटलं.

"वळण पुढं आवळत जात व्हतं," ते म्हणाले. "ते त्यानं सांगायला पाहिजे व्हतं. शब्द उशिरा आला. वाचायला उशीर केला त्यानं." हे वाक्य ते नेहमी याच शब्दांत म्हणत.

सव्वा महिन्यानं काका शुद्धीवर आले तेव्हा त्यांची मराठी गेली होती. सगळी. जर्मन तेवढी उरली होती. काही महिन्यांनी त्यांना घरी पाठवून दिलं. सायखेड्याच्या घरी आईनं भाकरी वाढली आणि मुलगा भलत्याच भाषेत काहीतरी बोलला. गावात बोललं जाऊ लागलं, याला बाहेरचं लागलंय, आपलं पोरगं तिकडंच राहिलं, आलंय ते दुसरंच कोणीतरी. देवऋषी झाला, अंगारे झाले. शेवटी आईनं सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि तांब्या उचलून मुलासमोर धरला. म्हणाली, पाणी.

"तिथून सुरुवात," काका म्हणाले. "ती चुलीपाशी बोलायची, धुणं धुताना बोलायची, शेजारणीशी भांडताना बोलायची, आणि मी तिच्यामागं तसंच्या तसं बोलायचे. दीड वर्ष. मंग पुरुषांत जाऊन बसले तर सगळे हसायला लागले." त्यांनी स्वतःलाच टोकलं. "बसलो. बसलो तर. बघ, अजून जात नाय. मायची भाषा हाय ही. माझी व्हती ती आलीच नाय परत."

मला हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. चार वाजल्यानंतरच्या काकांची तोवर मला फक्त भीती वाटायची, त्यांचं बोलणं समजत नव्हतं. समजायला लागलं ते त्यानंतर.

ते असं व्हायचं. चार वाजले की काका चार्जरचा मुख्य खटका खाली करायचे. बुडबुड थांबायची. दिवसभर कानात असलेला आवाज गेला की शेड एकाएकी मोठी वाटायची. मग ते कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि तासभर फक्त जर्मन. स्टुलावर बसून ते सुटे शब्द द्यायचे, व्याकरण समजवायचे, पण सलग कधी बोलायचे नाहीत. सलग बोलायचं ते त्या खुर्चीवर.

खुर्चीवरचा आवाज वेगळा होता. बारीक, भराभर, आणि दर दोन-तीन वाक्यांनंतर कोरडा खोकला. काकांना एरवी खोकला नव्हता. बसताना ते दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर दाबून धरत. बोलता बोलता उजव्या हाताचं बोट जिभेला लावून मांडीवर काहीतरी उलटत, पान उलटल्यासारखं. मांडीवर काही नसायचं. एकदा बोलताना हात चुकून मिशीला लागला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग हळूच, दोन बोटांनी, ती मिशी चाचपून बघितली.

मी हे घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शिकणं तिथंच संपलं असतं. आणि खरं म्हणजे तो आवाज शिकवायचा फार चांगला. माझी चूक झाली की पुन्हा म्हणायला लावायचा, न रागावता. हवा, बाजार, कारखान्यातलं जेवण, असल्या साध्या गोष्टी बोलायचा. त्याच्या गावाचं नाव मला त्यानंच सांगितलं. घराखाली बेकरी आहे आणि पहाटे पावाच्या वासानं जाग येते, हेही.

डिसेंबरात एका दुपारी त्यानं शर्यतीची गोष्ट काढली. मला आता बरंच कळत होतं. जर्मनमध्ये 'इश' म्हणजे मी आणि 'एअर' म्हणजे तो. आवाज म्हणाला, तो चालवत होता, मी वाचत होतो.

मला वाटलं, माझी ऐकण्यात गडबड झाली. मी वाक्य उलटं करून विचारलं, "मी चालवत होतो?"

"नाइन," तो म्हणाला. नाही. आणि बोट लांब करून त्यानं समोर दाखवलं. "तो चालवत होता."

बोट स्टुलाकडं होतं. सकाळी काका बसायचे त्या रिकाम्या स्टुलाकडं.

त्या दिवशी मी बसस्टॉपपर्यंत पळत गेले. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि नाशकात मला दुसरं कोणी शिकवणारं नव्हतं. सकाळचे काका नेहमीसारखेच होते. त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याचा लाडू ठेवला होता.

जानेवारीत त्यांनी माझ्या मागं लागून मला गाडी शिकवायला घेतली. "तिकडं बर्फ असतो. बर्फावर चालवता आली पायजे. आपल्याकडं बर्फ नाय, पण राख हाय." एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची जळालेल्या कोळशाची राख वर्षानुवर्षं मैदानात साठली होती. जुन्या, वाळलेल्या राखेवर दुपारी चिटपाखरू नसायचं. वर वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या आणि खाली नजर पोचेल तिथवर करडं. झाड नाही, सावली नाही. पाऊल टाकलं तर आवाज येत नाही. काकांची जुनी फियाट तिथं साबणावर ठेवल्यासारखी घसरायची.

काका शेजारी बसून ओरडायचे. "ब्रेक वळणाच्या आधी! वळणात नाय! वळणात ब्रेक दाबलास की सगळं वजन पुढं पळतं अन् मागचं बूड मोकळं व्हतं." गाडीचं मागचं अंग निसटलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. "सोड गं मेले, सोड! बूड ज्या अंगाला चाललंय त्याच अंगाला स्टेअरिंग फिरव. हळू. अन् खड्ड्याकडं बघू नको. जायचं तिकडं बघ. जिकडं बघशील तिकडं जाईल ती." चार रविवारांत मला ते जमायला लागलं. निसटणारी गाडी हातात परत येते तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशातच मिळालेला नाही.

पाचव्या रविवारी आम्ही वेळ बघितली नाही.

मी मजेत गोल फेऱ्या मारत होते. काका गप्प झाले आहेत हे उशिरा लक्षात आलं. बघते तर त्यांचे दोन्ही पाय गाडीच्या तळाला घट्ट दाबलेले, आणि बोट जिभेकडं चाललेलं. मग तो बारीक आवाज सुरू झाला. डावं, चार. ऐंशी मीटर. उजवं, तीन. पन्नास. मोकळ्या मैदानात वळण कुठलं? पण त्या आवाजात असं काही होतं की माझे हात त्याचं ऐकायला लागले. डावं म्हटलं की मी डावीकडं वळत होते, उजवं म्हटलं की उजवीकडं. थोड्या वेळानं मला भीतीही वाटेना. त्या सपाट राखेवर नसलेला रस्ता मला दिसत होता. दोन्ही बाजूंनी झाडं असलेला, ओला.

"उजवं, दोन," आवाज म्हणाला. "माख्ट त्सू. माख्ट त्सू!"

आवळतंय, आवळतंय. मी ॲक्सिलरेटर सोडला, आणखी वळवलं, मागचं अंग सुटलं, मी ते पकडलं आणि गाडी आडवी होऊन थांबली. राखेचा ढग उठला. काचांबाहेर काही दिसेना. इंजिन बंद पडलं होतं. त्या करड्या उजेडात शेजारून कोरडा खोकला ऐकू आला आणि मग तो अगदी शांतपणे जर्मनमध्ये म्हणाला, "बघितलंस? मी दोनदा सांगितलं. तेव्हाही दोनदाच सांगितलं होतं. तू ऐकलंस. त्यानं ऐकलं नाही."

मी पुढच्या काचेवरून नजर हलवली नाही. राख खाली बसायला बराच वेळ लागला. चिमण्या पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा शेजारून जाडा आवाज आला. "काय गं, गाडी का बंद केलीस?"

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली होती. सकाळी स्टुलावर बसून काकांनी मला विचारलं. माझ्याकडं न बघता, बॅटरीत पाणी घालता घालता. "काल मैदानात मी काय बोलले?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"त्या खुर्चीवर बसलो की विहिरीत उतरल्यागत व्हतं. वर कुणीतरी बोलतंय, आवाज येतो, शब्द नाय येत. सुटा शब्द माझा असतो बघ. सलग वाक्य झालं की माझं राहत नाय." त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. "तुझ्या आधी सहा जणांना शिकवलं मी. का शिकवलं सांगू? एक जण तरी एवढा शिकावा की मला सांगंल, मी काय बोलतो. काही अर्ध्यात पळाले. जे पास झाले ते न सांगता विमानात बसले. तू सांग."

ते माझ्याकडं बघत होते. बघण्यात अशी आशा होती की माझ्यानं खरं बोलवेना.

"पाऊस, जंगल, कारखाना, असलंच," मी म्हणाले.

"अन् गाडीचं?"

"गाडीचं... तुम्ही म्हणता तेच. वाचायला उशीर झाला."

काकांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "तेच ना," ते म्हणाले. "तेच तर मी म्हणतो. उशीर केला त्यानं." मग त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदाच अकरावा शब्द दिला.

चार वाजता खटका खाली गेला. ते खुर्चीवर बसले. नेहमी लगेच सुरू होणारा आवाज सुरू झाला नाही. मी वही उघडून बसले.  बऱ्याच वेळानं तो खोकला आला, आणि तीन शब्द.

"डू हास्ट गेलोगन."

तू खोटं बोललीस.

मी वही तिथंच टाकून निघाले ती परत गेले नाही. तीन आठवड्यांनी परीक्षा पास झाले आणि मे महिन्यात जर्मनीला गेले. काकांचा निरोपसुद्धा घेतला नाही. न सांगता निघून गेलेल्यांत सातवी मी.

तिकडं मी सुखात होते, काम चांगलं होतं. पण बोलायला तोंड उघडलं की लोक विचारायचे, तू कुठं शिकलीस? तुझ्या बोलण्यात अमुक एका भागाचा हेल आहे, आणि तोही जुना, आता म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो तसा.  दर वेळी वाटायचं, मी कोणाच्या आवाजात बोलते आहे?

दुसऱ्या वर्षी एका रविवारी सकाळी मी आगगाडीत बसून त्या आवाजानं सांगितलेल्या गावाला गेले. बेकरी होती. वर त्याच्याच आडनावाची पाटी होती. दार ज्यांनी उघडलं त्या बाई काकांच्या जोडीदाराची धाकटी बहीण निघाल्या. मी दारातच म्हणाले, "मी भारतातून आले, शर्यतीत या घरातल्या मुलाबरोबर जो होता त्याची मी विद्यार्थिनी." माझं बोलणं ऐकून त्यांनी चौकट धरली.

त्यांनी मला आत नेऊन कॉफी ओतली. "तो अजून तसं बोलतो का?" त्यांनी विचारलं.

इस्पितळातून सुटल्यावर काका दर रविवारी त्यांच्या घरी यायचे. आईसमोर बसायचे आणि तिच्या मेलेल्या मुलाच्या आवाजात बोलायचे. सुरुवातीला बहीण ओरडली, रडली. आई मात्र त्याची वाट बघायला लागली. त्याच्यासाठी मुलाच्या आवडीचं रांधायची, त्याला मुलाच्या नावानं हाक मारायची. तो ओ द्यायचा. एका रविवारी आईनं त्याला विचारलं, तुला फार दुखलं का रे? तो म्हणाला, नाही आई, मला फक्त राग आला होता. "आई त्याला परत जाऊच देईना," त्या म्हणाल्या. "त्याची आई भारतात वाट बघत असेल, हे ती ऐकूनच घेईना. मग मीच त्याचं तिकीट काढलं. आई माझ्याशी सहा वर्षं बोलली नाही."

मी विचारलं, "त्या दिवशी तुमच्या भावानं वाचायला उशीर केला होता का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "वळणावर बघायला लोक उभे होते. खिडकी उघडी होती. त्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. दोनदा ओरडला." मग म्हणाल्या, "हे आम्ही तुझ्या शिक्षकाला कधी सांगितलं नाही. तो बिचारा आधीच अर्धा उरला होता. आई गेल्या हिवाळ्यात गेली. जाताना तिला राग नव्हता. त्याला तेवढं सांग. दोघांपैकी जो ऐकेल त्याला."

दोन हजार एकच्या जूनमध्ये मी नाशिकला परत आले, आणि तिसऱ्या दिवशी एकलहरे रोडला गेले. काका थकले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मला बघून म्हणाले, "आली का? बस. आत्ताच चहा टाकला मी." रागाचा शब्द नाही.

मी स्टुलाशेजारी उभी राहूनच सगळं सांगितलं. मी खोटं बोलले होते, इथपासून. राखेच्या मैदानात तो काय म्हणाला, वळणावरच्या लोकांनी काय ऐकलं. बॅटऱ्या बुडबुडत होत्या. काका मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी खटका खाली केला. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"ऐकू आलं व्हतं मला," ते म्हणाले. "दोन्ही बारी ऐकू आलं. मला वाटलं, धरंन मी गाडी. इतक्यांदा धरली व्हती." त्यांनी ॲसिडनं भाजलेले तळवे उलटे करून बघितले. "नाय धरता आली."

आम्ही चहा प्यायलो. ते रडले नाहीत. मग मी म्हणाले, त्याच्या आईचा निरोप आहे, पण तो तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे. काका समजले. उठून वेताच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि डोळे मिटले. मी समोर बसले आणि जर्मनमध्ये सांगितलं, तुझी आई गेली. जाताना तिला कोणाचा राग नव्हता. तुझी बहीण ठीक आहे.

मी वाट बघितली. काकांनी डोळे उघडले. त्यांचे पाय सैल होते, एक हात मिशीवर होता. आमच्या मळ्यात कोणी परदेशी पाहुणा आला की माझे वडील जसे त्याचं बोलणं आदरानं ऐकायचे आणि काही न समजून हसायचे, तसे ते हसले.

"छान बोलतेस गं," ते म्हणाले. "काय म्हणालीस?"

मी तेच जर्मन सोपं करून पुन्हा म्हटलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हटला, त्यांनीच मला शिकवलेला. पाणी. आई. पाव. ते मान हलवत राहिले. एकही शब्द त्यांना ओळखता आला नाही.

मग मी मराठीत सांगितलं. ते ऐकून काका खुर्चीवरून उठले, शेडच्या मागच्या दारापर्यंत गेले आणि बाहेर बघत उभे राहिले, कोणीतरी आत्ताच तिकडून गेल्यासारखे.

त्यानंतर कारखान्यानं मला कायमचंच तिकडं बोलावलं. काका आणखी पाच वर्षं जगले. पाणी न लागणाऱ्या बंद बॅटऱ्या आल्या, गिऱ्हाईक कमी झालं, तरी दुकान चालू होतं. मी दर महिन्याला फोन करायचे. ते मायच्या मराठीत गप्पा मारायचे, माझी तब्येत विचारायचे, काळी वायर आधी काढतेस ना, विचारायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, मी तुम्हाला सांगितलं ते चुकलं का?"

 

"नाय गं, चुकलं नाय," ते म्हणाले. "पण चार वाजले की त्या खुर्चीवर बसवत नाय. पहिलं कसं, आम्ही दोघं व्हतो."